हायड्रोजनची वाट पाहू की हायब्रिड घेऊ?

गाडी बदलण्याच्या विचारात असलेल्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत 'युनिट' म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट, अर्थात एक किलोवॅट-तास. पेट्रोलचा दर सगळीकडे लिटरला १०४ रुपये धरला आहे. तुमच्या पंपावरचा दर घालून गणित पुन्हा करून पाहा.

प्रश्न (हडपसर, पुणे): शोरूममध्ये एकाच गाडीची दोन मॉडेलं दाखवली. दोन्हींना 'हायब्रिड' म्हणतात, पण ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक आहे. रोज हिंजवडीला जाणं-येणं, साधारण ६० किमी. जास्तीचे पैसे वसूल होतात का?

उत्तर: आधी नावाचा गोंधळ दूर करू. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड. स्वस्तातली गाडी 'माइल्ड हायब्रिड' असते. तिच्यात अल्टरनेटरच्या (गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) जागी पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर आणि एक छोटी जादा बॅटरी असते. सिग्नलला इंजिन बंद करणं, ते हळूच चालू करणं आणि वेग घेताना किंचित हातभार लावणं, एवढंच तिचं काम. निव्वळ विजेवर ही गाडी एक मीटरही जात नाही. 'स्ट्राँग हायब्रिड'मध्ये चाकं फिरवू शकणारी खरी मोटर असते. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्यात १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ६८ किलोवॅट देतं, मोटर ५९ किलोवॅट देते आणि बॅटरी अवघ्या पाऊण युनिटची आहे. ती बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाची उरलेली ताकद तिच्यात साठते.

ओळखायची सोपी खूण सांगतो. गाडी उभी करून एसी चालू ठेवा. इंजिन बंद झाल्यावरही गार हवा तशीच येत राहिली, तर कॉम्प्रेसर विजेवर चालतो आहे आणि गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे. माइल्डमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर असतो.

पेट्रोल दोन कारणांनी वाचतं. ब्रेकची ऊर्जा परत मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण इंजिनात आहे. ही इंजिनं अ‍ॅटकिन्सन पद्धतीची असतात, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. त्यामुळे हवा कमी दाबावी लागते, पण प्रसरण मात्र पूर्ण मिळतं. असं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देत नाही, साध्या गाडीत ते रडतखडत चाललं असतं. इथे सुरुवातीचा जोर मोटर देते, म्हणून हे इंजिन वापरणं परवडतं.

आता पैशाचं गणित. कागदावरचा २७.९७ किमीचा अ‍ॅव्हरेज विसरा. शहरात २१ धरा. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी पुण्याच्या गर्दीत १२ देते असं धरू. किलोमीटरला ८.६७ रुपयांऐवजी ४.९५ रुपये, म्हणजे ३.७० रुपयांची बचत. अडीच लाख भरून यायला सुमारे ६७,००० किमी लागतील. तुमचं रोजचं ६० किमी, वर्षाला १८,००० किमी, म्हणजे पावणेचार वर्षं. घ्या, तुमच्यासाठी सौदा चांगला आहे.

हेच गणित महामार्गावर फिरणाऱ्याला लागू पडत नाही. सलग ९०-१०० च्या वेगात ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? तिथे साधी गाडी १७ देते आणि हायब्रिड २१. बचत किलोमीटरला जेमतेम सव्वा रुपया, आणि वसुलीला दोन लाख किमीहून जास्त. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांनाही फायदा कमी होतो, कारण धुराच्या नळीतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायला इंजिन सुरुवातीला चालूच राहतं. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका. ट्रिप मीटर शून्य करून, एसी लावून, स्वतःच्या रोजच्या वाटेवर आणि रोजच्याच वेळेला पाऊण तास चालवा. डिकीही उघडून पाहा, बॅटरीने तिथली जागा बरीच खाल्लेली असते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले. तिच्या नळीतून फक्त पाणी निघतं असं वाचलं. आमची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. हायड्रोजनसाठी आणखी चार-पाच वर्षं थांबणं पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य नाही का?

उत्तर: थांबू नका. नळीतून पाणीच निघतं हे खरं, पण हायड्रोजन विहिरीतून उपसून मिळत नाही, तो बनवावा लागतो. धूर कुठे निघाला, याचा हिशेब तिथपासून मांडायला हवा.

ती टोयोटा मिराई होती. तिच्या तीन टाक्यांत ७०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाने ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि अमेरिकेच्या सरकारी चाचणीनुसार तेवढ्यात ती सुमारे ६४५ किमी जाते. रोजच्या वापरात किलोला १०० किमी धरू.

आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो बनवताना सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे किलोमीटरला १०० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो. शहरात २१ चा अ‍ॅव्हरेज देणारी हायब्रिड म्हणूनच ११० ग्रॅमवर येते आणि १४ देणारी साधी गाडी १६४ वर. (शुद्धीकरण आणि वाहतूक धरली तर पेट्रोलचे आकडे आणखी १५-२० टक्के वाढतात. वायूची गळती धरली तर हायड्रोजनचाही वाढतो.) इतकी महाग गाडी घेऊन फरक पडला जेमतेम.

पाण्यातून विजेने हायड्रोजन काढला तर? एक किलो काढून, दाबून, गार करून टाकीत भरेपर्यंत सुमारे ५५ युनिट लागतात. आपल्या ग्रिडमधल्या (देशाच्या वीजजाळ्यातल्या) एका युनिटामागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. गुणाकार केला तर किलोला ४० किलो, आणि किलोमीटरला ४०० ग्रॅम! ही गाडी तुमच्या नऊ वर्षं जुन्या गाडीच्या दुपटीहून जास्त कार्बन सोडते, फक्त तो तुमच्या अंगणात न सोडता औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून सोडते.

राहिला सौर किंवा पवन विजेवरचा हायड्रोजन. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित हायड्रोजन'ची व्याख्या केली, ती किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको अशी. हा हायड्रोजन खरोखर स्वच्छ आहे. पण तीच १०० युनिट सौर वीज इलेक्ट्रिक कारमध्ये थेट भरली तर ती ५५० ते ६०० किमी धावते, आणि हायड्रोजनमार्गे गेली तर १८० किमी. वीज पाणी फोडण्यात, वायू दाबण्यात आणि गाडीतल्या फ्यूएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रात) परत वीज बनवण्यात जिरते. सौर पॅनेलं अजून पुरेशी नसलेल्या देशात ही उधळपट्टी कुटुंबाच्या गाडीसाठी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घरी चार्जिंगची सोय असेल आणि छतावर पॅनेलं असतील, तर इलेक्ट्रिक घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आहे. ४ मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर मात्र ४० टक्के, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीइतकाच. हायब्रिडवर हा अन्याय आहे, कारण ती पेट्रोल तिसऱ्या हिश्श्याने वाचवते. चार्जिंगची सोय नसेल आणि फिरणं शहरात असेल तर स्ट्राँग हायब्रिड. वर्षाला पाच हजार किमीच होत असतील तर जुनीच नीट ठेवा. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, एअर फिल्टर वेळेवर बदला. नवी गाडी बनवतानाही कार्बन निघतो आणि इतक्या कमी फिरण्यात तो लवकर फिटत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): नवी हायब्रिड आंबोली घाट उतरताना निम्म्यात इंजिनाचा आवाज एकदम वाढवते. पेट्रोलचं पेडल सोडलेलं असतं तरीही. सर्व्हिसवाले म्हणतात दोष नाही. मग आवाज कसला?

उत्तर: ते बरोबर सांगतात. बॅटरी भरली आहे, म्हणून तो आवाज येतो. माणसांसकट दीड टनाची गाडी ६०० मीटर खाली आली तर जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. बॅटरी पाऊण युनिटची, आणि आयुष्य वाढावं म्हणून त्यातलाही साधारण ४० टक्केच भाग वापरला जातो. पहिल्या काही वळणांतच ती भरते. नंतर आलेली वीज ठेवणार कुठे? मग गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि हवा दाबण्यात ती ऊर्जा खर्च करते. आवाज त्याचा आहे. त्या वेळी पेट्रोल जळत नाही.

घाट सुरू होतानाच लिव्हर 'बी'वर टाका. इंजिन सुरुवातीपासून गाडी धरून ठेवतं, आणि ब्रेक तापून पेडल मऊ पडण्याची वेळ येत नाही. सपाटीला परत 'डी'.

आपल्याकडची एक सवय मात्र सोडायला हवी. उतारावर किंवा सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकू नका. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये 'एन'वर जनरेटर बंद असतो, इंजिन चालू असलं तरी बॅटरी भरत नाही. एसी लावून तासभर जॅममध्ये 'एन'वर बसलात तर ती उतरत जाते आणि गाडी इशारा देऊ लागते. 'डी'त ब्रेकवर पाय ठेवा, किंवा 'पी'.

प्रश्न (लातूर): आमच्याकडे प्यायला पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. पाणी फोडून इंधन करायची भाषा ऐकून भीती वाटते. किती पाणी लागतं?

उत्तर: २०१६ ची ती रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी लागतं. साधं पाणी चालत नाही. क्षार राहिले तर इलेक्ट्रोलायझरचा, म्हणजे पाणी फोडणाऱ्या यंत्राचा, पडदा निकामी होतो, म्हणून आरओ आणि पुढची शुद्धी करावी लागते. त्यातलं टाकाऊ पाणी धरून १५ ते २० लिटर कच्चं पाणी, आणि शीतकरणाचं वेगळं. १०० किमीसाठी बादलीभर पाणी, एवढंच ते झालं. तुलनेला उसापासूनचं इथेनॉल घ्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात एका लिटरला सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. मराठवाड्यात पाण्याची चिंता करायची तर ती आधी उसाची करायला हवी. तरीही मोठा हायड्रोजन प्रकल्प एकाच ठिकाणी रोज काही टन वायू बनवतो, आणि तिथे बादल्यांचे टँकर होतात. असे प्रकल्प बंदराजवळ, समुद्राचं पाणी गोडं करून चालवणं शहाणपणाचं.

प्रश्न (सोलापूर): जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांना 'हायड्रोजन किट' बसवून अ‍ॅव्हरेज ३० टक्के वाढतो म्हणतात. किट १५ हजारांचं आहे. बसवावं का?

उत्तर: अजिबात नको. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? या किटमध्ये पाण्यात कॉस्टिक पोटॅश घालून गाडीच्याच विजेने पाणी फोडतात आणि तो वायू इंजिनाच्या हवेत सोडतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर, म्हणजे २४० वॅट. सहा सेलचं चांगलं किट ताशी सुमारे ५० लिटर हायड्रोजन देईल, आणि त्यात ऊर्जा असते ०.१५ युनिट. तुमची गाडी त्याच तासात सव्वातीन लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ३० युनिट खाते. ही भर पडली अर्धा टक्का. तीही फुकट नाही. ते २४० वॅट अल्टरनेटरने इंजिनाकडून घेतले, आणि दोघांचीही कार्यक्षमता लक्षात घेता त्यासाठी १.३ युनिटांचं पेट्रोल जळलं. सव्वा रुपया घालून पंधरा पैसे मिळवण्याचा हा धंदा.

मग काहींना फरक का दिसतो? किटबरोबर एक छोटी 'चिप' देतात. ती ऑक्सिजन सेन्सरला फसवते आणि इंजिनाला पेट्रोल कमी मिळू लागतं. थोडे दिवस मीटर बरं दिसतं. मग मिश्रण पातळ झाल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, इंजिन ठोकू लागतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. पोटॅशचे तुषार आत गेले तर थ्रॉटल बॉडी आणि पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम खातात. मान्यता नसलेला बदल केल्यामुळे विम्याचा दावा अडतो, तो वेगळाच. त्या १५ हजारांत इंजेक्टरची सफाई करून घ्या आणि उरलेल्यात टायर बदलायला सुरुवात करा.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): इथे जुनी मिराई फार स्वस्तात मिळते आहे, तेवढ्याच वर्षांच्या प्रायसच्या निम्म्याहून कमी किमतीत. घ्यावी का?

उत्तर: गाडी स्वस्त आहे कारण इंधन महाग आहे. २०२३-२४ मध्ये तिथे हायड्रोजन किलोला ३६ डॉलरच्या आसपास गेला. टाकी भरायला २०० डॉलर, म्हणजे किलोमीटरला ३१ सेंट. टोयोटाची हायब्रिड प्रायस गॅलनला ५७ मैल देते. पेट्रोल ४.८० डॉलर धरलं तर किलोमीटरला साडेपाच सेंटही पडत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले छोट्या गाड्यांचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले, ही दुसरी धोक्याची खूण. नव्या गाडीबरोबर १५,००० डॉलरचं इंधन-कार्ड मिळायचं, ते दुसऱ्या मालकाकडे येईल असं गृहीत धरू नका.

तरीही घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी पाहा. भरायच्या झाकणाच्या आत टाकीची मुदत लिहिलेली असते, ती साधारण १५ वर्षांची. त्यानंतर पंप हायड्रोजन देणार नाही. घर आणि ऑफिस या वाटेवर ७०० बारचे किमान दोन पंप हवेत, कारण ३५० बारच्या पंपावर टाकी साठ टक्क्यांच्या आसपासच भरते. आणि निघण्यापूर्वी पंप चालू आहे का हे फोनवर बघायची सवय लावा. लागोपाठ गाड्या आल्या की साठवण टाकीचा दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर तो चढवेपर्यंत रांग थांबते. वायू उणे ४० अंशांपर्यंत गार करून भरतात, त्यामुळे दमट हवेत नॉझल गाडीला गोठून चिकटतं. ओढू नका, मिनिट-दोन मिनिटांत सुटतं.

प्रश्न (उरण): न्हावा शेवा ते पुणे कंटेनर ट्रक चालवतो. आमच्या धंद्यात हायड्रोजन येईल का?

उत्तर: आला तर तुमच्याकडेच आधी येईल. ठरलेला मार्ग, दोन्ही टोकांना डेपो, बॅटरीच्या वजनाने घटणारा माल आणि म्हणून भाडं, या सगळ्या गोष्टी हायड्रोजनच्या बाजूच्या आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेतून देशात निवडक मार्गांवर हायड्रोजन ट्रक आणि बसच्या चाचण्या मंजूर झाल्या. त्यात पुणे-मुंबई मार्ग आहे. हायड्रोजन ट्रकच्या दोन जाती आहेत. एका जातीत फ्यूएल सेल आणि मोटर, दुसरीत हायड्रोजन जाळणारं इंजिन. इंजिनवाला ट्रक स्वस्त आणि गॅरेजच्या ओळखीचा, पण हवेतल्या नायट्रोजनमुळे त्याच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड उरतात, त्यांची वेगळी सोय लागते. फ्यूएल सेल कमी इंधनात जास्त जातो, पण नाजूक आहे. हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध लागतो आणि गंधकाचा लवलेशही प्लॅटिनमला चालत नाही. बंदरावरच्या धुळीत त्याचा हवेचा फिल्टर डिझेलच्या फिल्टरसारखा झटकून परत लावता येणार नाही.

जागेचा हिशेब आतापासून करा. ३५० बारला ३० किलो हायड्रोजनला सव्वा हजार लिटरच्या टाक्या लागतात आणि त्यांचं वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं. ट्रक घ्यायचा तर इंधन पुरवठ्याचा लेखी दर कराराशिवाय घेऊ नका.

प्रश्न (चिपळूण): जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीतल्या गाड्या बुडाल्या. हायब्रिड असती तर शॉक बसला असता का? कोकणातल्या पावसात आणखी काय जपायचं?

उत्तर: उच्च दाबाच्या नारिंगी केबलींचा गाडीच्या सांगाड्याशी संबंध ठेवलेला नसतो, आणि गळती दिसली की रिले (विजेवर चालणारे स्विच) बॅटरी तोडतात. त्यामुळे बुडालेल्या गाडीला नुसता हात लावून शॉक बसण्याची शक्यता फार कमी. पण पाणी ओसरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून बटण दाबू नका आणि नारिंगी केबलीला हात लावू नका. क्रेनवाल्याला फोन करतानाच सांगा की गाडी पूर्ण उचलून, सपाट ट्रेलरवर न्यायची आहे. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर चाकांबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि इन्व्हर्टर जळू शकतो.

पावसाळ्यात दोन गोष्टी कराच. हायब्रिडचे ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण बहुतेक वेळा मोटरच गाडी थांबवते. त्याच कारणाने डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. दर पावसाळ्यानंतर पिना काढून ग्रीस करायला सांगा. मेकॅनिक 'पॅड नवे आहेत' म्हणून सोडून देतो, तर सोडू देऊ नका. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर ओली छत्री, टॉवेल, पिशव्या ठेवू नका. ती बुरशी-धुळीने तुंबली की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. कंपन्या बॅटरीला साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी हमी देतात, पण तुंबलेल्या जाळीवरून त्या वाद घालू शकतात.

आणि गणपतीनंतर मुंबईला परतताना गाडी गावातच महिनाभर उभी राहणार असेल, तर शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा 'रेडी' करून अर्धा तास ठेवायला सांगा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी आतले संगणक आणि रिले साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जागे होतात. ती उतरली की गाडी उघडते, दिवे मिणमिणतात, पण 'रेडी' होत नाही. दुसऱ्या गाडीची जंप केबल लावून ती जागी करता येते. तुमच्या हायब्रिडवरून मात्र दुसऱ्याच्या डिझेल जीपला जंप देऊ नका, तो प्रवाह हायब्रिडच्या यंत्रणेला झेपत नाही.